गोव्याच्या निम्म्या देशात: मॉरिशसचे सात दिवस

गणपतीत घर सोडून जायचं म्हटल्यावर आमच्या भावकीत काय झालं असेल, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आमचा गणपती मूळ घरी असतो, पाळीपाळीने. यंदा पाळी धाकट्या दिरांची होती. तरी "शिमगा आणि गणपती सोडून वर्षाला दुसरे महिने नाहीत काय?" हे ऐकून घ्यावं लागलंच. माझं उत्तर तयार होतं. ज्या देशात गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते, तिथेच तर चाललोय.

मी 31 वर्षं शाळेत भूगोल शिकवला. ह्यांची नोकरी बँकेत गेली. त्यामुळे एकाच खिडकीतून आम्हाला दोन वेगळी दृश्यं दिसतात. मला डोंगर दिसतो, ह्यांना त्याच्या पायथ्याशी असलेल्या बँकेची पाटी.

रविवार

मुंबईहून थेट विमान, साडेसहा तासांच्या आसपास. घड्याळ दीड तास मागे घ्यायचं. भारतीयांना आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही, त्यामुळे सगळं सुरळीत होईल अशा समजुतीत मी होते. माझ्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली दुर्वांची जुडी होती. ज्यांच्या घरी आम्ही गणपतीला जाणार होतो, त्यांच्यासाठी चिपळुणातून आणलेली. तपासणीच्या बाईंनी ती दोन बोटांत उचलली, हसल्या आणि डब्यात टाकली. बाहेरची माती, बी, पाला काही आत येऊ द्यायचं नाही. मनातून चिडले, पण बाईंचं चुकलं नव्हतं. बाहेरून आलेल्या जिवांनी या बेटाचं काय केलं, हे मी स्वतः फळ्यावर लिहीत असे. 1598 मध्ये डच इथे उतरले. बाहेरच्या जहाजांतून उंदीर, डुकरं, माकडं आली आणि शंभर वर्षांच्या आत न उडणारा डोडो संपला. तो आता देशाच्या राजचिन्हावर आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यात आहे.

पैसे बदलून घेतले. इथलाही रुपयाच, पण आपल्या पावणेदोन-दोन रुपयांचा एक. ह्यांना नोटा मोजण्याआधी वाचायची सवय आहे. विमानतळाच्या बाकावर बसून त्यांनी चष्मा लावला. नोटेवर इंग्रजी, हिंदी आणि तमिळ. 25 च्या नोटेवर चिनी वंशाचे नेते, 50 वर फ्रेंच वंशाचे, 100 वर तमिळ, 200 वर मुसलमान, 500 वर हिंदू, 1000 वर क्रिओल, म्हणजे आफ्रिकी-मिश्र वंशाचे, 2000 वर पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम. "अगं, हे चलन नाही, सर्वपक्षीय बैठक आहे," हे म्हणाले.

त्यांना माहीत नव्हता तो किस्सा आमच्या चालकाने गाडीत सांगितला. 1998 मध्ये नव्या नोटा आल्या, त्यांत हिंदी मजकूर वर आणि तमिळ खाली गेला. आधी तमिळ वर असे. तमिळ समाज रस्त्यावर आला आणि सरकारने नोटा मागे घेऊन पुन्हा छापल्या. दोन ओळींच्या क्रमासाठी! मला आधी हसू आलं. मग आमच्या वाडीतल्या मानाच्या नारळाचे वाद आठवले आणि मी गप्प बसले.

चालकांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचे सहा दिवस तेच आमचं विद्यापीठ होते. वय 58. घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून झालेली इथली बोली बोलतात, आमच्याशी भोजपुरी वळणाची हिंदी आणि मधूनच शाळेत शिकलेलं मराठी. "आमी मराठी हाय," त्यांनी विमानतळावरच छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. आडनावाच्या जागी होतं त्यांच्या खापरपणजोबांचं पहिलं नाव, पुढे 'जी' लावलेलं. कारकुनाने नाव विचारलं, माणसाने स्वतःचं नाव सांगितलं, तेच पिढ्यांचं आडनाव झालं. इथल्या बहुतेक मराठी घरांची हीच गोष्ट.

विमानतळ आग्नेय टोकाला, त्यामुळे आधी ब्लू बे आणि माहेबूर्ग. रविवार असल्याने किनाऱ्यावर कुटुंबंच्या कुटुंबं पातेल्यांतून बिर्याणी घेऊन बसली होती. कुणीतरी रावान वाजवत होतं. बोकडाच्या कातड्याची मोठी डफ म्हणा, तिच्या तालावरच सेगा हा इथला नाच नाचतात. समुद्र दोन रंगांचा. किनाऱ्यालगत उथळ फिकट हिरवा, मग फेसाची पांढरी रेघ, पलीकडे गडद निळा. ती रेघ म्हणजे प्रवाळाची भिंत. बेटाच्या बहुतेक बाजूंनी ती आहे, म्हणून लाटा बाहेरच फुटतात आणि आत पोरं कमरेएवढ्या पाण्यात खेळतात.

याच भिंतीवर, इथून हाकेच्या अंतरावर, 25 जुलै 2020 ला 'वाकाशिओ' नावाचं मालवाहू जहाज चढलं. सुमारे हजार टन तेल सांडलं. सरकारी यंत्रणा हलेपर्यंत लोकांनी उसाचा पाला कापडाच्या लांब पिशव्यांत भरून तरंगते बांध शिवले. चालकांच्या बायकोनेही शिवले होते. "केस पन दिले," ते म्हणाले. केस तेल धरून ठेवतात, म्हणून न्हाव्यांकडून पोती गोळा झाली होती.

सोमवार

सकाळी पठारावरच्या क्युरपीपहून राजधानी पोर्ट लुईला मेट्रोने. ही मेट्रो भारताच्या मदतीने लार्सन अँड टुब्रोने बांधली. पहिला टप्पा 2019 मध्ये, क्युरपीपपर्यंत 2022 मध्ये. मार्ग बराचसा जुन्या रेल्वेचा. इंग्रजांनी साखरेसाठी रेल्वे घातली होती, ती साठच्या दशकात मोडीत काढली आणि पन्नास-साठ वर्षांनी गाड्यांच्या गर्दीला कंटाळून त्याच वाटेवर पुन्हा रूळ टाकले. डब्यात शाळेची मुलं आणि म्हातारी माणसं भरपूर. मुलांना आणि ज्येष्ठांना बस 2005 पासून फुकट आहे.

बेट जेमतेम 65 किलोमीटर लांब आणि 45 रुंद. रॉड्रिग्ज वगैरे छोटी बेटं धरून सगळा देश 2,040 चौरस किलोमीटर. गोवा 3,702. आमचा रत्नागिरी जिल्हा याच्या चौपट. माणसं साडेबारा लाखांच्या आसपास. मधे उंच पठार, कडेने जुन्या ज्वालामुखीच्या काठाचे उरलेले सुळके. क्युरपीपला सकाळी मी शाल घेतली होती. पाऊण तासाने पोर्ट लुईत उतरले तेव्हा घाम पुसत होते. आग्नेयेकडचे व्यापारी वारे पठारावर चढताना सगळं पाणी टाकतात. तिथे वर्षाला 4,000 मिलिमीटर, तर पश्चिम किनाऱ्यावर हजाराच्याही आत. चिपळूण आणि माण यांच्यातलं अंतर इथे पाऊण तासाचं.

आप्रवासी घाट बंदराला लागूनच आहे. मी मनाशी भव्य काहीतरी धरलं होतं. प्रत्यक्षात काळवत्री दगडाच्या काही भिंती, शेड, संडासांचे अवशेष आणि सोळा पायऱ्या. अर्धी वास्तू महामार्गाखाली गेलेली. 1 फेब्रुवारी 1835 ला इथली गुलामगिरी संपली, पण मळेवाल्यांना हात हवेच होते. म्हणून आधीच, 2 नोव्हेंबर 1834 ला, 'ॲटलस' जहाजातून 36 भारतीय मजूर इथे आणले गेले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, वर शिधा. इंग्रजांनी याला प्रयोग म्हटलं होतं. प्रयोग पार विसाव्या शतकापर्यंत चालला आणि साडेचार लाखांवर माणसं या पायऱ्या चढली. बहुतेक कलकत्त्याहून, मग मद्रासहून. मुंबईच्या जहाजांतून आलेले त्या मानाने थोडे, आणि त्यांत आमच्या रत्नागिरीकडचे.

पायऱ्यांपाशी चालक चप्पल काढून उभे राहिले. दरवेळी काढतात म्हणे. त्यांनी पाकिटातून एक घडी घातलेला कागद काढला आणि पुन्हा ठेवून दिला. "नंतर दाखवतो, मॅडम."

दुपारी सेंट्रल मार्केटात धोल पुरी खाल्ली. आपल्या पुरणपोळीसारखीच, पण आत गुळाऐवजी हळदीची चणाडाळ. दोन पोळ्या, मधे वालासारख्या दाण्यांचा रस्सा, टोमॅटोची चटणी, मिरची, आणि सगळं कागदात गुंडाळून हातात. वर थंडगार आलूदा, म्हणजे फालुद्याची मावसबहीण. ह्यांनी दोन पेले प्यायले आणि मधुमेहाचा विषय काढू दिला नाही.

मग ताडांच्या रांगेतून सरकारवाड्याकडे. आवारात व्हिक्टोरिया राणी उभी आहे, बंदराच्या तोंडाशी फ्रेंच गव्हर्नर ला बुर्दोने. दोघांनाही कुणी हलवलेलं नाही. फ्रेंच इथे 1715 मध्ये आले, इंग्रजांनी 1810 मध्ये बेट जिंकलं आणि फ्रेंच मळेवाल्यांना त्यांची भाषा, धर्म, कायदा ठेवू दिला. म्हणून आजही दिवाणी कायद्यात नेपोलियन, कोर्टाच्या रीतीत इंग्लंड. वर्तमानपत्रं फ्रेंच, फाइली इंग्रजी, भांडण क्रिओलमध्ये. अंतिम अपील अजूनही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं. 12 मार्च 1968 ला स्वातंत्र्य, 12 मार्च 1992 ला प्रजासत्ताक, तारीख दांडीयात्रेची. ज्या मैदानावर झेंडा चढला त्या शाँ द मार्सवर 1812 पासून घोड्यांच्या शर्यती होतात. देशाला फौज नाही. पोलीस आणि त्यांचंच एक खास दल.

लोकसभेसारखी एकच सभा. बेटाचे 20 मतदारसंघ, प्रत्येकी तीन जागा, रॉड्रिग्जच्या दोन, एकूण 62. खरी गंमत पुढे आहे. हरलेल्यांतले आठ जणही सभेत येऊ शकतात. 'बेस्ट लूझर', म्हणजे सर्वांत चांगले पडलेले! निवडणुकीत एखादा समाज मागे पडला, तर त्या समाजातल्या चांगली मतं मिळवलेल्या पराभूताला जागा मिळते. समाज चार: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले सगळे 'सामान्य लोकसंख्या'. हिशेब 1972 च्या जनगणनेचा, कारण त्यानंतर समाजवार मोजणीच केलेली नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या मापाने आजचा सदरा शिवतात, असं ह्यांचं मत. माझं मत वेगळं. 1982, 1995 आणि 2024 अशी तीनदा एकाच आघाडीने बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. अशा वेळी विरोधी बाकावर बसायला पडलेले उमेदवारच उपयोगी पडतात.

"आणि पंतप्रधान?" मी विचारलं.

चालकांनी बोटं मोजली. "पाच. दोन रामगुलाम, दोन जगन्नाथ, एक बेरेंजे." स्वातंत्र्यापासून पाच माणसं, त्यांतली चार दोन घरांतली, दोन्हीकडे बाप आणि मुलगा. पॉल बेरेंजे फ्रेंच वंशाचे, 2003 ते 2005. आत्ता नवीनचंद्र रामगुलाम आहेत, ही त्यांची तिसरी खेप.

"आमच्याकडे पण घराणीच आहेत," हे म्हणाले. त्यावर तिघेही पुढे बोललो नाही.

मंगळवार

उसाचा दिवस. गाळप हंगाम जून ते डिसेंबर, म्हणजे आम्ही ऐन तोडणीत आलो होतो. उत्तरेकडच्या रस्त्यावर उसाच्या मोळ्यांनी लादलेल्या गाड्या, वाटेवर पडलेलं चिपाड, तोच आंबूस-गोड वास. पण सांगली-कोल्हापूरकडचा फड पाहिलेल्याला इथे एक गोष्ट वेगळी दिसते. शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे प्रचंड ढीग, काही तर पिरॅमिडसारखे रचलेले. ज्वालामुखीचा देश, जमीन नांगरायची तर आधी दगड वेचायचे. आधी गुलामांनी वेचले, मग आपल्या लोकांनी. मी गाडी थांबवून एका ढिगाला हात लावला. काळवत्रीच, आमच्या सह्याद्रीतल्यासारखी, फक्त वयाने फार लहान. आमची साडेसहा कोटी वर्षांची, हे बेट फार तर 80-90 लाखांचं.

बो प्लांचा बंद पडलेला कारखाना आता साखरेचं संग्रहालय आहे. एकेकाळी बेटावर अडीचशेहून जास्त गुऱ्हाळं-कारखाने होते, आज एका हाताच्या बोटांवर. सत्तरच्या दशकात 7 लाख टनांवर साखर निघे, आता अडीच लाखांच्या आत-बाहेर. संग्रहालयात शेवटी पंधरा तऱ्हेच्या साखरेची चव देतात. तपकिरी ओलसर मळीची साखर जिभेवर ठेवली आणि मला आमच्या आजोळच्या काकवीची आठवण झाली.

ह्यांनी इथे जो वर्ग घेतला तो मी मन लावून ऐकला. 1961 मध्ये जेम्स मीड नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञांचा अहवाल आला, पुढे त्यांना नोबेल मिळालं. त्यांनी पाहिलं, की एकच पीक, ते जगाच्या भावावर अवलंबून, मलेरिया गेल्यावर लोकसंख्या भराभर वाढतेय, समाज आपसांत फाटलेले, वर वादळं. त्यांचा अंदाज फार निराशेचा होता. तो खोटा ठरला, पण ते मूर्ख होते म्हणून नव्हे. त्यांनी दाखवलेला खड्डा इथल्यांनी पाहिला आणि वाट बदलली. 1970 मध्ये निर्यात-उद्योगांसाठी कायदा केला. हाँगकाँगचे शिवणकारखानदार आले, सदरे-स्वेटर परदेशी जाऊ लागले, बायका घराबाहेर पगारावर आल्या. 1975 च्या करारात युरोपने वर्षाला सुमारे 5 लाख टन साखर बांधील भावाने घ्यायचं कबूल केलं. तो भाव बऱ्याचदा जागतिक भावाच्या दुपटी-तिपटीत असे. त्या पैशातून हॉटेलं उभी राहिली. "युरोपचा भाव 2009 ला उठला. तोवर दुसरा खांब उभा होता," हे म्हणाले. साखरेशिवाय आज चिपाड जाळून थोडी वीजही करतात.

बाहेर पडताना चालक म्हणाले, "आता ऊस तोडायला आमची पोरं जात नाय." शिवणकारखान्यांत बांगलादेशी, नेपाळी, मादागास्करची माणसं आहेत. करारावर येतात, पाच-सहा जणांच्या खोलीत राहतात, पैसे घरी पाठवतात. आदल्या दिवशी पाहिलेल्या सोळा पायऱ्या कुणी बोलून दाखवल्या नाहीत.

पांप्लमूसच्या बागेतली परातीएवढी कमळपानं पाहिली. सुंदर आहेत. फोटो सगळ्यांकडे असतात.

बुधवार

चतुर्थी. संध्याकाळी चालकांच्या घरी जायचं होतं, तोवर पठारावर भटकंती. क्युरपीपच्या त्रू ओ सेर्फच्या काठावर उभी राहिले, तेव्हा वर्गात खडूने काढलेलं विवराचं चित्र पायाखाली आलं. हिरव्या झाडीने भरलेला खोलगट वाडगा, तळाशी थोडं पाणी. शेजारच्या गंगा तलावावर 108 फुटी महादेव उभा आहे. महाशिवरात्रीला लाखो लोक कावडी घेऊन पायी येतात.

मग एबेनची सायबर सिटी, भारताच्या कर्जाच्या मदतीने उभी राहिलेली. काचेच्या इमारती, दुपारच्या जेवणाला बाहेर पडलेली तरुण मुलं. ह्यांचे डोळे लकाकले. 1982 मध्ये भारत आणि मॉरिशसने दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार केला. भारतातल्या शेअरवरचा नफा मॉरिशसच्या कंपनीने कमावला तर कर फक्त मॉरिशस लावणार, आणि मॉरिशस असा कर लावतच नाही! त्यामुळे जगभरचा पैसा इथल्या दारावर पाटी लावून भारतात येऊ लागला. कित्येक वर्षं भारतातल्या परदेशी गुंतवणुकीत साडेबारा लाख माणसांचा हा देश पहिला होता. 2016 मध्ये करार बदलला, 2017 पासून भारत कर घेऊ लागला. 2020 ते 2021 देश आर्थिक गैरव्यवहारांच्या जागतिक करड्या यादीतही होता.

"म्हणजे दलालीच की," मी म्हटलं.

"दलालीच. पण त्यावर वकील, हिशेबनीस, बँका, किती घरं चालतात ते मोज." बँकवाल्यांना दलालीत सौंदर्य दिसतं. मला अजून ते पटलेलं नाही.

संध्याकाळ पश्चिमेकडच्या गावात. सिमेंटचं चौकोनी, सपाट छपराचं घर, शेजारची सगळी तशीच. 1960 च्या कॅरोल चक्रीवादळाने लाकडी-पत्र्याची घरं उडवून नेली, तेव्हापासून लोक काँक्रीटच बांधतात. आत शाडूची मूर्ती, लाल जास्वंद, आणि दारच्या अंगणात, मी पाहतच राहिले, दुर्वा माजलेल्या होत्या. त्यांची सून कात्री घेऊन जुड्या करत होती. माझी विमानतळावर गेलेली जुडी मी सांगितली तेव्हा सगळं घर हसलं.

आरती 'सुखकर्ता'च, पण चाल थोडी निराळी, हेल भोजपुरी. मग बायका-पुरुष फेर धरून ढोलकीवर झाकरी नाचले. झाकरी म्हणजे आमची जाखडी! पायांत घुंगरू, तेच वळण, तोच मधे बसलेला गाणारा. गाण्यातले निम्मे शब्द नाचणाऱ्यांनाच कळत नव्हते. एका ओळीत खाडी, होडी आणि मामाचा गाव आला, तो मी समजावून सांगितला. धाकटी नात शाळेत मराठी विषय घेते. मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत शिक्षक तयार होतात, सरकारी दूरदर्शनवर मराठी कार्यक्रम लागतो. मराठी माणसं लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास. पण निवडणुकीच्या चौकटीत ती 'हिंदू'त मोडतात आणि सुट्ट्यांच्या यादीत वेगळी दिसतात. तमिळांना कावडी, तेलुगूंना उगादी, चिन्यांना त्यांचा नववर्षदिन, मराठी माणसांना चतुर्थी.

मोदक तळलेले होते. उकडीचे मी करून दाखवते म्हटलं, पण पिठीला चिकटपणा नव्हता, कळ्या फाटल्या. भूगोलाच्या बाईंची इज्जत गेली.

गुरुवार

विसर्जन. दुपारी दीड दिवसाच्या गणपतींची मिरवणूक समुद्राकडे निघाली. पुढे झाकरीवाले, मधे चारचाकीवर सजवलेला मखर, कडेने वाहतूक सांभाळणारा क्रिओल पोलीस तालावर मान हलवत होता. मुसलमान शेजारी पाण्याच्या बाटल्या वाटत होते. किनाऱ्यावर एका बाजूला पंचतारांकित हॉटेलच्या खुर्च्यांवर युरोपीय पाहुणे उताणे पडलेले, दुसऱ्या बाजूला 'गणपती बाप्पा मोरया'.

किनारा कुणाचा, हे मी विचारलंच. भरतीच्या रेषेपासून आत सुमारे 81 मीटरची पट्टी सरकारची असते, फ्रेंच काळापासून. तीच हॉटेलांना भाड्याने देतात. वाळू मात्र सगळ्यांची. "कायद्याने सगळ्यांची," चालक म्हणाले आणि हॉटेलच्या पहारेकऱ्याकडे पाहिलं. वर्षाला तेरा-चौदा लाख पर्यटक येतात, म्हणजे देशातल्या माणसांहून जास्त.

रात्री त्यांचा थोरला जावई पेन्शनवरून पेटला. इथे 2025 पर्यंत साठाव्या वर्षी प्रत्येकाला, श्रीमंत असो की गरीब, सरकार महिना 15,000 रुपयांच्या आसपास देत असे. नोकरी केली असो वा नसो. शिक्षण फुकट, दवाखाना फुकट. पण कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या 90 टक्क्यांपर्यंत गेलं, म्हणून जून 2025 च्या अर्थसंकल्पात वय टप्प्याटप्प्याने 65 वर नेण्याचं ठरलं. मोर्चे निघाले. चालक 58 चे. दोन वर्षांवर आलेलं ताट कुणीतरी पुढे सरकवलं, असा त्यांचा चेहरा.

हे तोंड उघडणार इतक्यात मी पायाने खूण केली. पाहुण्याने यजमानाच्या पेन्शनवर मत देऊ नये.

शुक्रवार

दक्षिण. शामारेलची सात रंगांची माती, ग्री-ग्रीचा कडा. तिथे प्रवाळाची भिंत नाही म्हणून लाटा थेट आपटतात आणि निळ्या पाण्याची सवय झालेले डोळे दचकतात. ल मॉर्नच्या डोंगरावर पळालेले गुलाम लपत असत.

गाडीत वर्तमानपत्र होतं, त्यात चागोसची बातमी. स्वातंत्र्याआधी, 1965 मध्ये, इंग्रजांनी ती बेटं मॉरिशसपासून तोडली. दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ झाला आणि 1968 ते 1973 दरम्यान तिथल्या लोकांना उचलून मॉरिशस-सेशेल्समध्ये आणून टाकलं. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मॉरिशसच्या बाजूने मत दिलं, आणि 22 मे 2025 ला ब्रिटनने सार्वभौमत्व देण्याच्या करारावर सही केली. तळ मात्र 99 वर्षांच्या भाड्याने. नकाशावर जमीन ठिपक्याएवढी, पण भोवतालचा समुद्र धरला तर हा देश 23 लाख चौरस किलोमीटरचा मालक आहे. वर्गात मी हे कधी शिकवलं नाही. आम्ही जमीनच मोजायचो.

शनिवार

विमानतळावर चालकांनी तो कागद अखेर हातात दिला. मोका गावातल्या अभिलेखागारातून मिळालेली त्यांच्या खापरपणजोबांच्या नोंदीची नक्कल. क्रमांक, वय 22, उंची, मुंबई बंदर, जिल्हा रत्नागिरी. गावाचं नाव साहेबाने कानावर पडलं तसं इंग्रजीत लिहिलेलं: 'कूंडी'.

"मावशी, हे कुठे आहे?"

पहिल्यांदाच मावशी म्हणाले.

मी लगेच काही बोलले नाही. विमान वर गेलं, पांढरी रेघ आणि उसाचे चौकोन मागे पडले, तेव्हा मी ह्यांच्या बँकेच्या जुन्या डायरीत यादी करायला घेतली. राजापूरचं कोंड्ये. लांज्याचंही एक कोंड्ये. कोंडगाव, कोंडिवरे. शिवाय प्रत्येक गावात एखादी कोंड नावाची वाडी असतेच.

"कुणब्यांची वाडी बघ आधी," शेजारून हे म्हणाले, "आणि दिरांना फोन कर. गौरी जेवल्या की रिकामे होतील, दोघं मिळून शोधतील."